कुठून आणलंस, ते आधी सांग

अगं, फोटो मिळाला. मॉनिटरला झेंडूचा हार, सीपीयूवर हळदकुंकू आणि शेजारी कडक इस्त्रीत सासरेबुवा. झकास! पण फोटोखालचा तुझा प्रश्न, "ताई, आता ह्यात काय काय टाकून घेऊ?", त्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर अंगठ्याने टाईप करत बसले असते तर रात्र सरली असती. म्हणून हे निवांत लिहितेय. तूही निवांत वाच, आणि वाचून होईपर्यंत कशावरही क्लिक करू नकोस.

तुझा प्रश्न मी जरा फिरवून घेणार आहे. काय टाकायचं ह्याला फार डोकं लागत नाही. एक ब्राउझर, पत्रं आणि हिशेब लिहायला ऑफिससारखं काहीतरी, सिनेमे बघायला एक प्लेअर, झिप फाईल उघडायला एक छोटा प्रोग्राम आणि मराठी टायपिंग, एवढ्यात तुझं घर वर्षभर चालेल. घोळ होतो तो कुठून आणायचं, तिथे. आमच्या डीटीपीच्या दुकानात अधूनमधून कुणीतरी रडवेल्या चेहऱ्याने लॅपटॉप घेऊन येतं. ब्राउझर उघडला की भलतीच साइट उघडते, कोपऱ्यात जाहिराती उड्या मारतात, फेसबुकवरून कुणाकुणाला आपोआप मेसेज गेलेले असतात. मी विचारते, अलीकडे काही इन्स्टॉल केलं होतं का? आधी नाही म्हणतात, मग हळूच हो. कुठून घेतलं? "गुगलवरून." गुगल नुसतं बोट दाखवतं गं. ते बोट कुणाच्या दाराकडे होतं, हे कुणालाच आठवत नसतं.

ह्यातली मेख समजून घे, म्हणजे बाकीचं माझं बोलणं किरकिर वाटणार नाही. साइट नुसती बघतेस तेव्हा ती ब्राउझरच्या आत कोंडलेली असते. पण तिथली डॉट ईएक्सई किंवा डॉट एमएसआय फाईल उतरवून तिच्यावर डबल क्लिक केलंस, की तो प्रोग्राम तुझ्या नावाने कॉम्प्युटरभर वावरतो. तुला जे फोल्डर उघडतं ते त्यालाही उघडतं. ब्राउझरमध्ये तू जपून ठेवलेले पासवर्ड त्याच्या हाती लागतात. कंबरेचा किल्ल्यांचा जुडगाच काढून दिल्यासारखं आहे ते. तेव्हा काय विचार करायचा तो डबल क्लिकच्या आधी.

आता व्हीएलसी प्लेअरच घे, कारण तो तुला लागणारच आहे. गुगलमध्ये 'व्हीएलसी डाउनलोड' टाकलंस की जी यादी येते तिच्यात अगदी वर, बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेलं काही असू शकतं. ती पैसे भरून मिळवलेली जागा. भरणारा खरा असेलच असं नाही. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला होता, की भामटे कंपन्यांच्या नावाने शोधयादीत जाहिराती विकत घेतात, हुबेहूब दिसणारी साइट उघडतात आणि खऱ्या प्रोग्रामच्या नावाखाली भलतंच गळ्यात मारतात. पोलिसांनी लोकांना जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन वापरायला सांगावं, ह्याचं मला तेव्हा मोठं नवल वाटलं होतं. पण सल्ला अगदी बरोबर. युब्लॉक ओरिजिनसारखं एखादं टाकून घे; फायरफॉक्समध्ये ते व्यवस्थित चालतं.

जाहिरातीच्या खाली उतरलीस की लागतात 'फ्री डाउनलोड'वाल्या साइट्स. त्या सगळ्या चोर नसतात; पण दलाल असतात. प्रोग्राम त्यांचा नाही, तरी दार त्यांनी उघडलंय. पानावर चार हिरवीगार 'डाउनलोड' बटणं, त्यातली तीन जाहिरातींची. खरी लिंक राखाडी अक्षरांत कुठेतरी तळाशी. आणि नावाजलेल्या दलालालाही मोह होतो हं. गिम्प हा चित्रांवर काम करायचा फुकट, चांगला प्रोग्राम. त्याची मंडळी २०१३ मध्ये सोर्सफोर्ज नावाच्या प्रसिद्ध साइटवरून निघून गेली. सोर्सफोर्जने त्यांचं तिथलं विंडोजचं पान आपल्या ताब्यात घेतलं आणि २०१५ मध्ये गिम्पच्या इन्स्टॉलरला जाहिरातींचे प्रोग्राम चिकटवून तो वाटला. खूप आरडाओरडा झाला, मग थांबलं. पुढच्या वर्षी त्या साइटचे मालकही बदलले. पण ज्यांनी मधल्या काळात उतरवून घेतलं, त्यांनी तर नाव बघूनच विश्वास टाकला होता ना!

व्हीएलसीच्या बाबतीत आपल्याकडे एक विचित्र प्रकार घडला. त्याची मूळ साइट, व्हिडिओलॅन डॉट ओआरजी, २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून भारतात उघडेनाशी झाली. सरकारी बंदी. लोकांच्या कॉम्प्युटरवरचा व्हीएलसी मात्र मजेत चालू होता. कायदेशीर नोटीस वगैरे गेल्यावर नोव्हेंबरात बंदी उठली. ह्या नऊएक महिन्यांत ज्याला व्हीएलसी हवा होता तो काय करणार? मिळेल तिथून घेणार. पुढचं दार बंद केलं की लोक सिनेमा बघायचं सोडत नाहीत, मागच्या दाराने येतात. आणि तिथे कोण उभं आहे ते कुणी बघत नाही. एवढासा प्लेअर आणणं लोकांना किती महागात पडू शकतं, हे ज्यांनी बंदी घातली त्यांच्या डोक्यात आलं असेल असं मला वाटत नाही.

मग मूळ पत्ता सापडायचा कसा? मी विकिपीडियावर त्या प्रोग्रामचं पान उघडते. उजवीकडच्या चौकटीत तळाला अधिकृत वेबसाइट दिलेली असते, तिथून जाते. प्रसिद्ध प्रोग्रामच्या पानांवर शंभर लोकांची नजर असते, त्यामुळे तिथे कुणी खोटा पत्ता घातला तरी फार काळ टिकत नाही. गेल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता एकेक अक्षर वाचायचा. लिब्रेऑफिस डॉट ओआरजी. मोझिला डॉट ओआरजी. झिपवाल्याचा पत्ता तर ७, मग आडवी रेघ, मग झिप, डॉट ओआरजी. ती मधली रेघ गाळली किंवा शेवटी डॉट कॉम लावलं तर तू दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगणात. एकदा बरोबर पोचलीस की बुकमार्क कर. 'सॉफ्टवेअर' नावाचा एक फोल्डर करून ठेव आणि घरात सगळ्यांना सांग, नवीन काही हवं तर आधी ह्यात बघा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलंस तरी चालेल, बहुतेक वेळा तेच सोपं. फक्त तिथेही फुकट प्रोग्रामच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून पैसे मागणारे बसलेले असतात. बनवणाऱ्याचं नाव बघ.

मराठी टायपिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे. पोटापाण्याचा विषय आहे, आणि मराठी माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथेच. सगळ्यांना ते जुनं गुगलचं टायपिंग हवं असतं, इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटणारं. विंडोजवर टाकायचं ते इन्स्टॉलर गुगलने देणं केव्हाच बंद केलं. आता जे 'गुगल मराठी इनपुट, ऑफलाइन, फुल सेटअप' म्हणून फिरतं, ते कुणीतरी कधीतरी उतरवून स्वतःच्या साइटवर चढवलेलं असतं. त्यात वाटेत काय मिसळलं, देव जाणे. कीबोर्ड म्हणजे तू दाबतेस ते प्रत्येक बटण वाचणारा प्रोग्राम, हे लक्षात घे. बँकेचा पासवर्डही त्याच बटणांनी टाईप करतेस. असला प्रोग्राम अनोळखी माणसाकडून घ्यायचा?

आणि गंमत म्हणजे घ्यायची गरजच नाही. विंडोजमध्येच तो आहे. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड आत आले, त्यात आपली मराठीही आहे. सेटिंग्जमध्ये जा, 'टाईम अँड लँग्वेज', तिथे भाषा, मराठी जोड. मग मराठीच्या पर्यायांत शिरून 'ॲड अ कीबोर्ड' म्हण आणि 'मराठी फोनेटिक' निवड. झालं. विंडोजचं बटण दाबून धरून स्पेसबार दाबलास की इंग्रजीची मराठी, पुन्हा दाबलास की मराठीची इंग्रजी. सासरेबुवांना सोसायटीचे अर्ज लिहायचे आहेत म्हणालीस ना, त्यांना हे एवढं शिकव. पहिले चार दिवस जोडाक्षरांवर कुरकुर करतील, मग हात बसेल.

फॉन्टचंही तसंच. कुणी म्हणालं कृतिदेव हवा, श्रीलिपी हवी, तर श्रीलिपी हे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं विकत घ्यायचं सॉफ्टवेअर आहे. 'फ्री' म्हणून जे मिळतं ते त्यांचं नव्हे. आणि सुटा फॉन्ट म्हणजे डॉट टीटीएफ किंवा डॉट ओटीएफ फाईल. फॉन्टच्या झिपमधून ईएक्सई निघाली, तर झिपसकट कचऱ्यात. आता ही शेवटची तीन अक्षरं तुला दिसतच नाहीत, कारण विंडोज ती मुळातच लपवून ठेवतं. हे मला आजतागायत न उलगडलेलं कोडं आहे, कारण ह्याच लपवाछपवीवर २००० च्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' नावाच्या ईमेलने जगभर धुमाकूळ घातला होता. प्रेमपत्राची साधी मजकूर फाईल वाटावी असं नाव, आणि टोकाला लपलेली खरी ओळख वेगळीच. तू आजच फाईल एक्स्प्लोरर उघड, वर 'व्ह्यू', मग 'शो', आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक कर. 'बिल डॉट पीडीएफ' म्हणून आलेलं 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' निघालं तर कळेल तरी.

आता ज्याने कॉम्प्युटर जोडून दिला त्या मुलाबद्दल. "ताई, तो सगळं फुल लोड करून देतो म्हणालाय, ऑफिस, फोटोशॉप, टॅली, सगळं," असं तू लिहिलंयस. मुलगा वाईट नसणार. गल्लोगल्ली हेच चालतं. पाचशे रुपयांत विंडोज मारून देणारे आमच्याही रस्त्यावर आहेत. पण ज्या पेनड्राइव्हवरून तो हे सगळं टाकणार, तो त्याने कुठून भरला, हे त्याला विचार. तो म्हणेल, "गुगलवरून."

असं 'फुल लोड' चालतं ते क्रॅकवर, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रामवर. क्रॅक कसा चालतो बघ. कुलूप तोडणारा प्रोग्राम स्वतःच घरफोडीचं हत्यार, त्यामुळे अँटीव्हायरस ओरडणारच. म्हणून सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ असते, 'अँटीव्हायरस बंद करा'. दुसरी युक्ती पासवर्डवाल्या झिपची. पासवर्ड तिथेच पानावर लिहिलेला असतो, एक दोन तीन चार. उघड लिहायचाच तर लावला कशाला? तर उतरवताना तपासणाऱ्या यंत्रणांना आत डोकावता येऊ नये म्हणून. म्हणजे पहारेकऱ्याला बाहेर पाठवायचं काम तूच करतेस, आणि तेही पोथीत सांगितल्याप्रमाणे. असल्या क्रॅकमधून हल्ली बहुतेक वेळा येतात ते माहिती चोरणारे प्रोग्राम. 'लुमा' नावाचा एक होता. २०२५ मध्ये १६ मार्च ते १६ मे ह्या दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांवर विंडोज कॉम्प्युटर त्याने पछाडलेले मायक्रोसॉफ्टला आढळले होते. हे प्रोग्राम गाजावाजा करत नाहीत. पडदा काळा होत नाही, कवटी दिसत नाही. ब्राउझरमधले पासवर्ड उचलायचे आणि कुकीज उचलायच्या, बस. ही कुकी म्हणजे 'हिने लॉगिन केलेलं आहे' अशी साइटने दिलेली खूण. ती चोराकडे गेली की त्याला पासवर्डही विचारत नाहीत आणि ओटीपीही. "पण ताई, ओटीपी तर मी कुणालाच दिला नव्हता," असं म्हणणारी बाई खोटं बोलत नसते.

तेव्हा ऑफिसचं काम लिब्रेऑफिसवर कर. फुकट आहे, मराठीत मेनू दिसतात, वर्ड आणि एक्सेलच्या फाईली उघडतं. मांडणी क्वचित इकडची तिकडे होते हे खरं, पण घरच्या हिशेबाला काय तोटा? टॅली लागत असेल तर ज्या दुकानाचे हिशेब तू घरून लिहितेस त्यांनाच परवाना घेऊन द्यायला सांग. त्यांच्या धंद्याचे आकडे चोरीच्या प्रोग्रामवर ठेवायची जोखीम तू कशाला घेतेस? आणि फोटोशॉप कुणाला हवंय गं तुमच्याकडे?

बरं, मूळ साइटवरून फाईल आणलीस, डबल क्लिक केलंस. पडदा अंधारतो आणि मधे एक चौकट येते: ह्या ॲपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे का? इथे सगळं जग डोळे मिटून 'येस' म्हणतं. तू तीन सेकंद थांब. चौकटीत 'व्हेरिफाइड पब्लिशर' असं असेल तर पुढे नाव असतं. फायरफॉक्सला 'मोझिला कॉर्पोरेशन', व्हीएलसीला 'व्हिडिओलॅन', लिब्रेऑफिसला 'द डॉक्युमेंट फाउंडेशन'. तू आणायला गेलीस व्हीएलसी आणि नाव भलत्याच कुठल्या ट्रेडिंग कंपनीचं, तर 'नो'. 'अननोन' असेल तर चौकट पिवळी येते. पिवळी दिसली म्हणजे विषच असं नाही. डिजिटल सहीला दरवर्षी पैसे पडतात, हौसेने चालवलेले कितीतरी चांगले छोटे प्रोग्राम ती घेत नाहीत. पण पिवळी दिसली की पत्ता पुन्हा तपासायचा. आणि जी चौकट तू काहीही न करता मध्येच उगवली, तिला नेहमी 'नो'.

इन्स्टॉल होताना 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करायची सगळ्यांची सवय. 'एक्स्प्रेस' आणि 'कस्टम' असं विचारलं तर 'कस्टम' घे आणि आधीच करून ठेवलेल्या टिका काढ. चांगल्या घरचेही हे करतात. जावाच्या इन्स्टॉलरबरोबर 'आस्क'चा टूलबार वर्षानुवर्षं असाच येत होता.

ही अंधारी चौकट उपयोगाची ठरायची तर घरात खाती वेगळी हवीत. आत्ता तुम्ही सगळे एकाच खात्यावर आहात आणि ते ॲडमिनिस्ट्रेटर आहे, म्हणजे आमच्या भाचेबुवांनी, तुझ्या पोराने, 'येस' म्हटलं की झालं. तू असं कर: ॲडमिनिस्ट्रेटरचं एक खातं ठेव, त्याचा पासवर्ड तुझ्याकडे. बाकी सगळ्यांना, स्वतःलाही, साधं 'स्टँडर्ड' खातं. मग काही टाकायचं झालं की चौकट तो पासवर्ड मागते, आणि पोराला तुझ्यापर्यंत यावं लागतं. तुमच्या 'अहों'ना जरा लागेल, "मला माझ्याच घरात पासवर्ड नाही?" म्हणतील. म्हणू देत. सासरेबुवांना तर त्यांचे अर्ज आणि पत्त्यांचा डाव एवढंच हवंय. 'सेटिंग्ज'च्या 'ॲप्स'मध्ये फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच ॲप घ्यायचं अशी सोय आहे, काही दिवस तीच लावून ठेव. तुला बाहेरून काही आणायचं असेल तेव्हा तेवढ्यापुरती बदल.

पण ह्यावर विसंबू नकोस. स्टँडर्ड खात्यामुळे विंडोजची हाडं शाबूत राहतात, तुझं पाकीट नाही. पासवर्ड आणि कुकीज चोरायला ॲडमिनिस्ट्रेटर व्हावंच लागत नाही, ज्या खात्यावरून फाईल चालली त्या खात्याचं सगळं त्याला आयतंच मिळतं. म्हणून बँकेचं काम तुझ्या खात्यावरून आणि पोराचे खेळ त्याच्या. त्याला माइनक्राफ्टचे मॉड हवे असतात ना? २०२३ च्या जूनमध्ये कर्सफोर्ज ह्या मॉडच्या अगदी नामांकित साइटवर काही मॉडमध्ये चोरटा प्रोग्राम सापडला होता. पोरांचा दोष नाही. त्यांच्या खेळाचं सगळं विश्वच असं इकडून-तिकडून आणलेल्या फायलींवर चालतं. रागावू नकोस, नाहीतर तुला न विचारता करेल. त्याच्या शेजारी बसून बघ काय उतरवतोय ते.

आता एक नवी तऱ्हा, ह्यात तर इन्स्टॉलरही नसतो. एखाद्या साइटवर 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' असं येतं आणि खाली पायऱ्या: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. नीट बघ काय झालं. त्या पानाने तुझ्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, आणि ती तू स्वतःच्या हाताने विंडोजच्या तोंडात घालतेस. कुठलीही खरी साइट, कुठल्याही कारणासाठी, असं करायला सांगत नाही. ह्याला अपवाद नाही, सासरेबुवांना पाठच करून घे.

तीच गत फोनवरच्या 'सपोर्ट'ची. प्रिंटर चालेना म्हणून कुणी नेटवर नंबर शोधतं, पलीकडचा गोड आवाज म्हणतो, एनीडेस्क टाका, मी बघतो. एनीडेस्क हे दुरून कॉम्प्युटर हाताळायचं ॲप खरंच आहे, चांगलंही आहे, मीही तुझ्या कॉम्प्युटरमध्ये तसंच काहीतरी वापरून डोकावेन. पण ज्याला तू फोन केलास तो कोण, हे तुला माहीत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना ह्याच ॲपच्या गैरवापराबद्दल सावध केलं होतं. कंपनीचा नंबर हवा असेल तर तो प्रिंटरच्या खोक्यावर किंवा बिलावर बघ.

अपडेटबद्दल थोडक्यात. विंडोजचं अपडेट येऊ दे, रात्री यंत्र अडवून बसलं तरी. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीवाला व्हायरस ज्या छिद्रातून पसरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; ज्यांनी ती घेतली नव्हती ते रडले. बाकीच्या प्रोग्रामची अपडेट त्या प्रोग्रामच्या आतूनच घ्यायची. वेबपानावर उगवलेलं 'तुमचा प्लेअर जुना झाला' हे कायम खोटं. फ्लॅशच्या नावाने तर अजून येतात, आणि फ्लॅश २०२० च्या शेवटी बंद पडला! झिप उघडायला विनरार टाकणार असशील तर तो स्वतःहून अपडेट होत नाही, हे धर. त्यात २०१९ मध्ये एक छिद्र सापडलं ते जवळजवळ एकोणीस वर्षं तसंच होतं. आणि कॉम्प्युटरवर विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ११ घेता येतं का ते त्या मुलाला विचार.

अँटीव्हायरस? विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरासाठी पुरतो, असं माझं मत. आपल्या पुण्याच्या क्विक हीलचा परवाना कुणी घेतला तर माझी हरकत नाही. दोन एकदम मात्र नको.

तुला वाटेल, मूळ साइट, खरी सही, सगळं बघितलं की झालं. नव्याण्णव वेळा होतं. शंभराव्या वेळचं सांगते. २०१७ मध्ये सीसीक्लीनर नावाचा प्रोग्राम, कॉम्प्युटर साफ करणारा म्हणून प्रसिद्ध, त्याच्या कंपनीच्याच आत चोर शिरले. ऑगस्टच्या मध्यापासून जवळजवळ महिनाभर मूळ साइटवरून, खऱ्या सहीनिशी, बाधित प्रोग्राम वाटला गेला. २२ लाख ७० हजार लोकांकडे तो पोचला. साफसफाईच्या प्रोग्राममधूनच घाण! ह्याला तू आणि मी काय करणार? एकच करू शकतो. गरज नसलेलं घ्यायचंच नाही. क्लीनर, बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर, पीसी डॉक्टर, ह्यातलं घरच्या कॉम्प्युटरला काहीही लागत नाही. आणि फोटो व हिशेब यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेव. जोडून ठेवलेली प्रत खंडणीवाल्या व्हायरसच्या हाती लागते.

एवढं करूनही काही चुकलं, कुणी काही चालवलं आणि संशय आला, तर आरडाओरडा न करता आधी नेट तोड. वायफायचं बटण शोधत बसू नकोस, राउटरच बंद कर. मग कॉम्प्युटरवरून नव्हे, फोनच्या डेटावरून पासवर्ड बदल: पहिला ईमेलचा, मग बँकेचा. ईमेलमध्ये 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' असा पर्याय असतो, तो वापर, म्हणजे चोरलेल्या कुकीज बिनकामाच्या होतात. पैसे गेले असतील तर त्याच घडीला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. जितका लवकर, तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. कॉम्प्युटरचं नंतर बघू. फारच असेल तर सगळं पुसून विंडोज नव्याने घालू, खऱ्या ठिकाणाहून.

जाता जाता तुमच्या प्रिंटरचं सांगते. कुठलीही साइट उघडू नकोस, केबल लावून नुसता चालू कर. बहुतेक वेळा विंडोज आपणहून ओळखतं. नाही ओळखला तर त्याच्या पाठीमागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, त्याचा फोटो पाठव. मी कंपनीच्या पानाची लिंक देते. रविवारी जेवणं आटोपल्यावर व्हिडिओ कॉल कर, खाती वेगळी करायचं काम बरोबरच करू. त्या पेनड्राइव्हवाल्या मुलाला तोवर चहा पाजून परत पाठव.